रंगुबाईचा आवाज आणि आढ्यावरची मांजर

रंगुबाईचा आवाज पाथर्डीच्या बाजारापर्यंत ऐकू जातो, असं लोक म्हणत. म्हणणारे थोडं वाढवून सांगत, पण फार नाही. ज्वारीची कणसं भरली की शेतातल्या चार मेढींच्या माळ्यावर उभी राहून ती अशी आरोळी ठोकायची, की गोफणीतल्या दगडाची वाट न बघता पाखरं उठायची. घरातही तिला हळू बोलणं ठाऊक नव्हतं. नवरा सहादेव लग्नापासून गप्पच. बिचाऱ्याला मध्ये बोलायला जागाच सापडली नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळात पेरणी झाली नाही. दोघं सरकारी कामावर खडी फोडून दिवस काढत, पण कणगीतल्या बियाण्याच्या ज्वारीला रंगुबाईनं कुणाला हात लावू दिला नाही. उंदरांना मात्र कोण सांगणार? त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात कणगीच्या बुडाला भोक पडलं. ते लिंपलं की दुसऱ्या दिवशी नवं. पाऊस आला तरी पेरायचं काय, या घोरानं तिला घास गिळवेना.

शेवटी सहादेवानं बांधाच्या दगडांत राहणारी, माणसाचा वाराही न लागलेली एक करडी मांजर डालग्याखाली धरली आणि पोत्यात घालून घरी आणली.

"आली का गं माझी बाय!" रंगुबाईनं स्वागत केलं. प्रेमानंच, पण आपल्या आवाजात. मांजर पोत्यातून सुटली ती थेट आढ्यावर. दोन दिवस खाली उतरली नाही, कशाला तोंड लावलं नाही. खाली उंदरांचं राज्य चालू राहिलं.

"ती तुला भ्यालीया," सहादेव म्हणाला. "जरा हळू बोल."

रंगुबाई भडकलीच होती, पण तिनं वर बघितलं. तुळईला नखं रोवून ते जनावर थरथरत होतं.

त्या दिवसापासून रंगुबाई कुजबुजायला लागली. चहातलं शेळीचं दूध वाटीत ठेवून स्वतः कोरा चहा प्यायची. संध्याकाळी कामावरून आली की दार लावून, आढ्याकडे पाठ करून बसायची. भाकरीसुद्धा आवाज न करता थापायची. चौथ्या दिवशी पलीकडच्या वस्तीवरून बायडाबाई धावत आली.

"घसा बसला व्हय गं? लई चुकल्यागत झालं बघ!"

रंगुबाईनं ओठावर बोट ठेवलं. बायडाबाई घरी जाऊन ज्येष्ठमध घेऊन आली.

घरात शांतता झाल्यावर सहादेव चार शब्द बोलायला लागला. आपल्या नवऱ्याला बोलता येतं आणि बरं बोलता येतं, हे रंगुबाईला लग्नानंतर बावीस वर्षांनी कळलं.

मांजर आधी दुधापर्यंत आली, मग चुलीपर्यंत. अठराव्या दिवशी कणगीमागे झटापट झाली आणि तिनं एक गलेलठ्ठ उंदीर रंगुबाईच्या पायाशी आणून टाकला. रंगुबाई तोंडात पदराचा बोळा कोंबून अंगणभर नाचली.

पाऊस आला, हस्त नक्षत्रात पेरणी झाली. बियाणं पुरून उरलं. पौषात कणसं भरली आणि पाखरांचे थवे उतरले. रंगुबाई माळ्यावर चढली, पण तोंड मिटून. नुसती गोफण फिरवत राहिली. मांजर समोर, शेतातल्याच घराच्या उंबऱ्यावर ऊन खात होती. आता आपण ओरडलो तर ही रानात जाईल ती परत यायची नाही, अशी तिला भीती होती. इकडे कणसं डोळ्यांदेखत रिकामी होत होती.

"अगं, वरड की!" खालून सहादेव पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला. "ह्याच पिकापायी तर आनली न्हवं तिला?"

रंगुबाईनं डोळे गच्च मिटले.

"हाऽऽऽ हा!"

सात-आठ महिन्यांचा साठलेला आवाज होता तो. सगळं शिवार उठलं. तिनं भीत भीत एक डोळा उघडला.

मांजरीनं एक कान हलवला, आळस दिला आणि कूस बदलून ती पुन्हा झोपली.

मग काय विचारता! रंगुबाई हसत होती, रडत होती आणि आरोळ्यांवर आरोळ्या ठोकत होती. तेवढ्यात पलीकडच्या वस्तीवरून बायडाबाईचा आवाज आला, "गुन आला गं बाई माझ्या ज्येष्ठमधाला!"