खलिफाच्या खिळ्यावरचा चषक

तमाम बुलढाणेकरांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, देशभर गाजणाऱ्या एका फुटबॉल चषकाचा साद्यंत इतिहास एके काळी आपल्या गावात, कोर्टासमोरच्या शिंप्याच्या दुकानात, खिळ्याला टांगलेला होता. कोणाला त्याचा पत्ता नव्हता, हा दोष आपला.

त्या शिंप्याला सगळे खलिफा म्हणत. खलिफाने जन्मात फुटबॉलचा एकही सामना पाहिलेला नव्हता. कपड्यांचे कागदी फर्मे कापायला तो एका वकिलांच्या घरची रद्दी आणायचा आणि कापण्याआधी ती वाचायचा. चषकाची बातमी दिसली की कात्री तिला वळसा घालून जाई. त्यामुळे बाहीवर उपांत्य सामना, पाठीवर अंतिम सामना, कॉलरवर बक्षीस समारंभ, असा इतिहास खिळ्याला टांगलेल्या फर्म्यांवर साठत गेला. माप घेता घेता तो गिऱ्हाइकाला ऐकवायचा. मी तेव्हा कोर्टात नवा कारकून होतो. माझ्या पहिल्या पँटीच्या मापाला तीन वर्षांच्या स्पर्धा लागल्या.

गिरणीचे, रेल्वेचे, पलटणीचे संघ. खेळाडू म्हणायला हौशी, पण नोकरी मिळालेली ती खेळापायीच. याचं खलिफाला भारी अप्रूप. "कागदावर फिटर, अन् काम काय तं गोल मारनं," तो डोळा मिचकावून म्हणे. "असा फिटर मले व्हायचं होतं." अनवाणी खेळून बूटवाल्यांना हरवणाऱ्या संघाची बाही तर तो कोणाला हात लावू देत नसे.

मग घात झाला. लग्नाच्या एका घाईच्या कोटापायी त्याने कागद न वाचताच कापला. अंतिम सामना, पलटण विरुद्ध कलकत्ता, मध्यंतराला एक-एक. पुढचा मजकूर मुंड्याच्या, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईच्या, कपट्याबरोबर चुलीत गेला. वकिलांनी त्याच सुमारास वर्तमानपत्र बदललं आणि नव्यात कुस्तीपलीकडे काही नसायचं. खलिफाने छापखान्याला कार्डं पाठवली. उत्तर आलं नाही.

आमच्या कोर्टातले पेशकार, न्यायाधीशांपुढे कागद मांडणारे, त्याचे जिवलग. रोज चारचा चहा त्याच्या दुकानात. ते म्हणाले, कलकत्ताच जिंकलं असणार. खलिफा म्हणाला, पलटण. पेशकारांनी पुरावा मागितला. "तुमच्या कोर्टात तं बिनापुराव्याचंही चालते," खलिफा बोलून गेला आणि ते पेशकारांच्या वर्मी लागलं. दोघांनी भरदुकानात ठरवलं, जो चुकेल त्याने सगळ्यांदेखत माफी मागायची; तोवर बोलणं बंद.

तोवर म्हणजे चार वर्षं! पेशकार मलकापूरहून पँटी शिवून आणू लागले आणि त्यांचा डावा पाय कायम आखूड दिसू लागला. खलिफा दुकानातून तो पाय बघून हळहळायचा. ईदला तो माझ्या हाती शिरखुर्मा द्यायचा, कोणी दिला ते सांगायचं नाही या बोलीवर. पेशकार वाटी चाटूनपुसून साफ करत आणि म्हणत, "साखर कमी पडली, सांग त्याले." चार वाजले की दोघंही रस्त्याच्या आपापल्या बाजूला उगीचच उभे राहत.

अखेर बांधाच्या एका दाव्यात हिवरा आश्रमाकडचे एक निवृत्त हवालदार साक्षीला आले. जेवणाच्या सुट्टीत गप्पा मारताना कळलं की, गृहस्थ पलटणीच्या संघाचे गोलरक्षक, आणि नेमका तोच सामना खेळलेले! निकाल मी मुद्दामच विचारला नाही. त्यांना हाताला धरून दुकानात नेलं. पेशकार मागोमाग आले आणि पायरीवर थांबले, आत नाही. खलिफाने कात्री खाली ठेवली. ती खाली ठेवलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

हवालदार आरामात पाणी प्यायले. मग म्हणाले, सामना एक-एकच सुटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळवला, तरी बरोबरी. शेवटी दोघांनाही विजेते ठरवलं; कप सहा महिने पलटणीकडे, सहा महिने कलकत्त्याला.

पेशकार खलिफाकडे बघतायत, खलिफा पेशकारांकडे. आणि आपलं बोलणं बंद आहे हे साफ विसरून खलिफा बोलून गेला,

"मंग आता माफी कोनं मांगाव बे, पेशकार?"