तामलवाडीचं बारसं: एक नाव, चार उच्चार

बारसं बाराव्या दिवशी असतं. आमच्या विशालच्या मुलीचं पाचव्या महिन्यात ठरलं, कारण बाळ जन्मलं जर्मनीत आणि पाळणा होता तामलवाडीत. विशाल माझ्या दादाचा एकुलता एक मुलगा. त्याला बहीण नाही, म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा आत्याचा मान एक पिढी वर सरकून माझ्याकडे आला. "आत्या, तू आली नाहीस तर आम्ही सांगायचं कुणाला?" असा फोन आल्यावर गुडघ्यांशी सल्लामसलत न करता मी सोलापूरच्या गाडीचं तिकीट काढलं.

ज्यांना या बाजूला यायचं आहे त्यांच्यासाठी: पुण्याहून सकाळची रेल्वे धरावी. सोलापूरहून तुळजापूरकडे जाणाऱ्या एसट्या सतत असतात, तामलवाडी वाटेवरच आहे. मला न्यायला मात्र वहिनी सोडून अख्खं घर जीप घेऊन आलं होतं आणि जीपमध्ये भांडण आधीपासून चालू होतं.

बाळाचं नाव जर्मनीतल्या शेजारच्या आजींचं. बाळंतपणात त्यांनी विशालच्या बायकोला, मेघनाला, रोज डबा दिला होता. कागदावर ई, व्ही, ए ही तीन इंग्रजी अक्षरं केव्हाच लागली होती. वाद तोंडाचा होता.

"आजी स्वतःला एफा म्हणतात," विशाल म्हणाला.

"एफा काय! ईव्हा. सगळं जग ईव्हा म्हणतं," मेघना म्हणाली.

स्टिअरिंगवरून दादा म्हणाला, "एवा म्हना की सरळ. आमचं राऊटरचंच अजून मिटंना. मी राऊटर म्हनतो, ही तुजी आत्या फोनवर रूटर म्हनती."

"रूटरच आहे, दादा."

"असंल. पर राऊटर म्हनल्याबिगर आमचा वायरमन येत न्हाय."

शेवटी विशालने निवाडा दिला. "आत्या कॉन्व्हेंटची. ती कानात जे सांगेल ते फायनल."

खरं सांगते, मला गुदगुल्या झाल्या. सोलापूरच्या शाळेत सिस्टर आम्हाला आरशासमोर उभं करायच्या: 'व्ही'ला खालचा ओठ दाताखाली, 'डब्ल्यू'ला ओठांचा चंबू. तामलवाडी येईपर्यंत मी दोनदा ओठ दाताखाली धरून पाहिला.

वहिनी दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. जेवायला कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि बाळाचं कौतुक. पण संध्याकाळपर्यंत माझ्या लक्षात आलं, वहिनी बाळाला 'लेकरू' म्हणत होत्या, 'छकुली' म्हणत होत्या, नाव मात्र घेत नव्हत्या.

"वहिनी, तुम्ही हिला काय म्हणता?"

"म्या काय म्हननार? लेकरू म्हनते," त्या म्हणाल्या आणि दूध उतू जातंय म्हणून आत गेल्या. गॅसवर काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरात मांडवाची गडबड, म्हणून दादाने मला नळदुर्गला नेलं. किल्ल्याला तीन तास तरी द्या आणि पकड असलेले बूट घाला. पाऊस झालेला होता, बोरी नदी बंधाऱ्यावरून दोन धारांनी कोसळत होती. नर-मादी धबधबा म्हणतात त्याला. बंधाऱ्याच्या पोटातल्या पाणीमहालात उभं राहिलं की समोर पाण्याचा पडदा आणि अंगावर तुषार. गुडघे काय म्हणत होते ते त्या आवाजात ऐकूच आलं नाही.

जेवायला हायवेवरच्या ढाब्यावर. शेंगाचटणी, पिठलं, भाकरी, दोघांचं तीनशेच्या आत. दादाने मोबाईल काढला तसा मालक म्हणाला, "स्कॅनर भिंतीवर हाय, काका."

"स्कॅनर मोबाईलमध्ये असतो, भिंतीवर कोड असतो," मी म्हणाले.

"पैसे पोचले न्हवं? मग झालं," दादा म्हणाला. मग पाण्याचा ग्लास फिरवत बसला. "तुला आठवतंय का, लेस्टर?"

मला आठवत नव्हतं. त्याने सांगितलं. वहिनी नवीन लग्न होऊन आल्या होत्या, मी आठवीत, सुट्टीला घरी. दादाच्या मित्राचं इंग्लंडहून पत्र आलं. पाहुण्यांपुढे वहिनींनी हौसेने पत्त्यावरचं गाव वाचलं, अक्षर न् अक्षर लावून: लायसेस्टर. मी "लेस्टर! लेस्टर!" म्हणत पोट धरून हसले. वहिनींनी पत्र माझ्या मांडीवर ठेवलं. "तुमीच वाचा, वन्सं."

"तवापासनं तुज्यापुढं विंग्रजी शब्द काढत न्हाय ती. आता नातीचं नावच तसलं निघालं," दादा म्हणाला. "तुज्या मागं तर दिवसभर नाव घेती."

परतीच्या रस्त्याबद्दल मला काही सांगता यायचं नाही. मी बाहेर बघितलंच नाही.

बारशाच्या सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दारी गेले. वहिनी पाय पसरून बसल्या होत्या, पायांवर बाळ, हाताला तेल. "इवा... ए इवा... कशी बघतीया बघ, माजी इवूबाय." बाळ सबंध अंगाने हसत होतं. तेवढ्यात माझी सावली पुढे पडली. वहिनींचा हात थांबला.

"लेकरू लई गुनाचं हाय, वन्सं," त्या म्हणाल्या.

दुपारी मांडव बायकांनी भरला. घुगऱ्या वाटल्या, कुंची घातलेलं बाळ पाळण्यात गेलं आणि मी कानाशी वाकले. आत्या नाव सांगताना बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, तसे पडू लागले. ओठ सवयीने दाताखाली गेला. मी तो सोडवून घेतला आणि कुर्रर्र करून नाव सांगितलं.

"आमाला बी आइकू द्या की वो, आत्याबाई!"

"इवा," मी मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले.

मेघनाने भुवया उंचावल्या. विशाल म्हणाला, "आत्या, सिस्टरांनी हेच शिकवलं?"

"सिस्टरांनी कधी पाळणा हलवला नाही," मी म्हणाले.

मोबाईलच्या पडद्यावरून जर्मनीतल्या आजी "एफा! एफा!" म्हणत टाळ्या पिटत होत्या. स्वतःचंच नाव, त्यांना कोण सुधारणार? आणि तेवढ्यात माझ्या पाठीत आणखी एक धपाटा पडला, उशिराचा आणि सगळ्यांत जोराचा, काकणं वाजवून. वळून बघितलं तर वहिनी पाळण्याची दोरी धरून भलतीकडेच बघत होत्या.

पुण्याला परत येऊन आता आठवडा झाला. चटणीची पिशवी अर्ध्यावर आली, गुडघ्यांनी नळदुर्गचा हिशोब चुकता करून घेतला. पाठीतला धपाटा मात्र अजून बरा वाटतो. काल फोन लावला, वहिनींनीच उचलला. सवय वाईट; मी विचारलं, "काय करतेय आपली ईव्हा?"

पलीकडून आवाज आला, खणखणीत.

"इवा, वन्सं. इवा. म्हना बरं."

"इवा," मी म्हणाले.

"हां, आत्ता जमलं," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी फोन बाळाच्या कानाला लावला.