खुर्चीच्या चिपचं कुलूप

ह्यांना कंपनीत 'कुलूपराव' म्हणायचे, आणि उगाच नाही. सायकलला दोन कुलपं, कपाटाला कुलूप, कपाटाच्या किल्ल्या ठेवायच्या खणालाही कुलूप. साखरेचा डबा तेवढा माझ्यामुळे वाचला. कामही तसलंच: यंत्रांच्या चिपमध्ये प्रोग्रॅम भरायचा आणि शेवटी आतून कुलूप घालायचं, म्हणजे कुणी तो वाचून चोरू नये. जन्मभर तेच केलं, आणि ती सवय घरी आली.

आमच्या लेकीच्या पायांत बळ नाही आणि हात सतत थरथरतात. बाजारातली विजेवरची खुर्ची तिला दिली की थेट भिंतीवर जायची. मुद्दाम हललेला हात कुठला आणि आपोआप हललेला कुठला, हे त्या खुर्चीला कळायचंच नाही. मग ह्यांनी खुर्चीचं डोकंच बदललं. जेवणाच्या टेबलाशी तिला बसवायचे, हात खुर्ची चालवायच्या दांडीवर ठेवायला लावायचे. "काही करू नकोस. नुसती बस." लॅपटॉपवर तिची थरथर बघायचे आणि तेवढी सोडून द्यायला चिपला शिकवायचे. तिचा हात बदलला की पुन्हा टेबल, पुन्हा "नुसती बस." ताटं गार व्हायची आणि मी करवादायचे. पण पोरगी कुणी न ढकलता कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात नोकरीला जायला लागली. फोन घ्यायचं काम होतं. दारातून वळताना मागे बघायचीसुद्धा नाही, शहाणी.

मग ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एकच शब्द उरला, "हो." पाणी हवं? हो. नको? हो. लग्न झाल्यापासून माझं इतकं कधी ऐकलं नव्हतं, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगायचे आणि आत जाऊन रडायचे.

इकडे लेकीची थरथर वाढली. खुर्चीच्या डोक्यात मात्र तिचा जुनाच हात. एक दिवस फुटपाथवरून ती खुर्चीसकट रस्त्यात उतरली आणि टेम्पो अगदी अंगाशी येऊन थांबला. त्या दिवसापासून मीच तिला ढकलत न्यायला लागले, आणि ती माझ्याशी धड बोलेनाशी झाली.

शेवटी ह्यांच्या कंपनीतल्या जोडीदाराला बोलावलं. सतत तारा सोल्डर करत बसतो म्हणून लेक त्याला सोल्डरकाका म्हणते. त्याने खुर्ची उघडली, आपला लॅपटॉप जोडला आणि कपाळाला हात लावला.

"वहिनी, आत कुलूप आहे."

"मग उघडा की!"

"उघडतं, पण आतलं सगळं पुसूनच. चिप तशीच बनवलेली असते. आणि ही आता बाजारात मिळत नाही, नाहीतर दुसरी बसवून ही जपून ठेवली असती."

"ह्यांच्या लॅपटॉपमध्ये असेल ना?"

त्यालाही पासवर्ड, आणि पासवर्ड ह्यांच्या डोक्यात. असा संताप आला मला! अहो, ह्या खुर्चीला कोण चोर येणार होता? स्वतःच्या पोरीपासून काय लपवायचं होतं? पलंगावर पडलेल्या माणसावर मी ओरडले.

"हो," ते म्हणाले.

"मी नव्याने लिहीन," सोल्डरकाका म्हणाला, "पण त्याच्यासारखं जमेलच असं नाही. वर्षं घातलीत त्याने."

न जमलं तर पोरगी कायमची माझ्या हाती, आणि मी काय अमरपट्टा घेऊन आलेय?

लेक पलंगाशी गेली. "बाबा, पुसू?"

"हो."

"की राहू दे?"

"हो."

तिचा बांध फुटला. बापाची इतक्या वर्षांची मेहनत, ती काय अशी विचारल्यासारखं करून पुसायची? तेवढ्यात ह्यांनी डावा हात पुढे केला. तिचा थरथरता हात धरला, पलंगाशी बसलेल्या सोल्डरकाकाच्या मांडीवरच्या लॅपटॉपपर्यंत नेला आणि तिचं बोट पुसायच्या बटणावर दाबलं.

"झालं," सोल्डरकाका म्हणाला. कुलूप उघडलं होतं आणि आत काही उरलं नव्हतं.

पुढे बरेच दिवस तो संध्याकाळी येत राहिला. तेच टेबल, तीच दांडी. खुर्ची चालायला लागली, पण अडखळत. दाराच्या चौकटीला घासायचीच. लेक दुकानापर्यंत एकटी जाऊन आली, पण आता वळताना थांबून मागे बघते. पूर्वीची खुर्ची नाही ती नाहीच.

काम संपलं तेव्हा सोल्डरकाकाने सवयीने विचारलं, "लॉक करू ना?"

"हो," हे लगेच म्हणाले, चांगलं मोठ्याने.

"नको!" आम्ही दोघी एकदम म्हणालो.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या उशाशी बसले.

"तिचा हात पुन्हा बदलेल," मी म्हटलं. "तेव्हा आपण असणार आहोत का?"

ते बराच वेळ लेकीकडे बघत राहिले. ह्या वेळी "हो" म्हणाले नाहीत.