साडूंची होडी आणि मी पाठवलेला नांगर

चूक माझी होती आणि हसं त्यांचं झालं, हे आधीच सांगून टाकतो. कर्जत-खालापुरात समुद्र सोडून सगळं आहे. पण समुद्रावाचून ज्याचं एक दिवस चालत नाही असा माणूस या दोन तालुक्यांत एकच, माझे साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान दहिवलीला भाताची गिरणी चालवतात आणि दिवाळी झाली की स्वतः बांधलेली शिडाची छोटी होडी टेंपोत घालून धरमतरच्या खाडीला नेतात. तिथून एकटे निघतात, ते कधी दाभोळ, कधी थेट मालवण. इंजिन नाही. “इंजिन लावलं की माणूस पोचतो रं, जात नाय,” असं त्यांचं म्हणणं. उरलेलं वर्ष ते जमिनीवर असतात, पण नावालाच. बोट ओलं करून वारा बघतात, मगच छत्री उघडायची की नाही ते ठरवतात. गिरणीतल्या पोत्यांना अशा गाठी मारतात की गिऱ्हाईक घरी जाऊन पोतं कापतं. होडीवरची सवय मोडू नये म्हणून एका तांब्यात आंघोळ उरकतात. खालापूरच्या एका लग्नात वावटळीनं मंडप उचलला, वऱ्हाड पळालं, आणि हे एकटे दोर धरून ओरडले, “शीड आवळा!” मंडप वाचला. नंतर जिलेबी खाताना हळहळले, “वारा वाया गेला रं. एवढ्यात मुरूड गाठलं असतं.”

होडी नवी असताना त्यांचा मला फोन आला, “एक हलका नांगर बघ रं, लोखंडी असला तर बरा.” आमच्या भातखाचरांच्या मुलखात नांगर एकच. मी टेंपोत घालून पाठवला. साडू पोट धरून हसले. “अरं, होडीचा नांगर! पाण्यात टाकायचा!” गोष्ट तिथेच संपायची. पण पुढे एका हळदीला माणसं जमली, मला चेव चढला आणि मी ती उलटी सांगितली: साडूंनीच शेतातला नांगर होडीला बांधला आणि पळसदरीच्या धरणात पाणी नांगरायला निघाले. साडू तिथेच बसले होते. त्यांनी मला खोटं पाडलं नाही, सगळ्यांबरोबर हसले. तेव्हापासून त्यांचं नाव पाणनांगऱ्या पडलं. बाजारात कुणीही विचारावं, “काय गिरणीवाले, यंदा किती एकर पाणी नांगरलं?”

यंदा गणपतीत गेलो, तर होडीवर ताडपत्री. “पेणचा एक जण घेतोय,” साडू म्हणाले आणि आत गेले. होडीला आजवर सवत म्हणणारी मेहुणी मला हळूच म्हणाली, “पोरीच्या सासरच्यांनी पण तेच इचारलं वो दाजी, किती एकर पाणी नांगरलं म्हणून. तवापासून ह्यांनी वारा बघायचं सोडलंय.” मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो भलतंच, “द्यायच्या आधी मला एकदा न्या.”

दिवाळीनंतर निघालो. सुरुवातीला मी काठ धरून ओकत होतो आणि साडू स्टोव्हवर भात शिजवत मला किनाऱ्यावरचे डोंगर ओळखायला लावत होते. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा, दुपारनंतर समुद्रावरून येणारा खारा, या दोघांवर त्यांचा प्रवास. पण मतलई पडतो आणि खारा अजून सुटायचा असतो, तेवढा वेळ होडी नुसती उभी राहते. मुरूडच्या पुढे तशी उभी राहिली. शीड लोंबत होतं, पाणी बुडाला हलकेच थापटत होतं, आणि मला पहिल्यांदाच कुठे पोचायचं नव्हतं.

“ह्याच्यासाठी येतो मी,” साडू म्हणाले. “इथं वारासुद्धा दम खातो.”

“साडू,” मी म्हणालो, “हळदीतली ती गोष्ट मी उलटी सांगितली. माझं अज्ञान तुमच्या नावावर खपवलं.”

“ठाऊक हाय की. मी तिथंच व्हतो.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू सांगत व्हतास झ्याक. आनि वाटलं, कवातरी तूच सांगशील.” त्यांनी बोट ओलं करून वर धरलं. “मंग इकू नको म्हणतोस?”

“नका विकू. घरी गेल्यावर हेच सगळ्यांसमोर उभं राहून सांगणार आहे. पण आधी तुम्हाला सांगतो. मला माफ करा.”