दातांनी ऐकलेला ढोल

खाडीच्या तोंडाशी दिवस कलला की होडीचं इंजिन बंद व्हायचं आणि नाटकाची तिसरी घंटा झाल्यावर पसरते तशी शांतता पसरायची. मग कानसेन उठायचे. वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचं, दांड्याचं टोक कानाला लावायचं, डोळे मिटायचे.

खाली ढोल्या मासा असला तर वल्ह्यातून 'ढुम्म, ढुम्म' येई. हा मासा तोंडाने बोलतच नाही. पोटात हवेची पिशवी असते; आजूबाजूचे स्नायू थरथरवून तो ती वाजवतो. विणीच्या दिवसांत संध्याकाळ झाली की नर गढूळ पाण्यात जमतात आणि माद्यांसाठी जीव तोडून वाजवतात. "तालमीला कधी उशीर नाही," कानसेन कौतुकाने म्हणत. ते 'इथे' म्हणाले की तिथेच जाळं पडे. होडी आता लेक चालवायची, जाळ्यावर मेहुणा असायचा, पण ऐकायचा मान कानसेनांचा. चाळीस वर्षं त्यांचा शब्द खाली पडला नव्हता.

अडचण एवढीच, की दोन वर्षांपासून त्यांना धड ऐकूच येत नव्हतं.

हे त्यांनी बेमालूम झाकलं होतं. ढोल्याच्या हनुवटीला मिश्या असतात, त्यांनी तो चिखल चाचपतो. घशात दात असतात, त्यांनी शिंपले फोडतो. तेव्हा जिथे शिंपले, तिथे ढोल्या, या हिशेबाने कानसेन ठोकून द्यायचे. घरात प्रत्येक बोलण्याला 'हं' म्हणायचे. बायकोला संशय आला तो त्यामुळेच. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवरा एवढा ऐकण्यातला कधीच नव्हता.

त्या संध्याकाळी मात्र वल्हं कानाला लावलं आणि चमत्कार झाला. ढुम्म, ढुम्म. अगदी स्पष्ट.

"इथे," कानसेन म्हणाले.

जाळ्यात एक खेकडा आला.

"भाऊजी, कलाकार एकच आलाय," मेहुणा म्हणाला, "आणि तोही वाजवणारा नाही."

पुन्हा वल्हं, पुन्हा ढुम्म, पुन्हा जाळं. या वेळी खेकडाही नाही. लेकीने वल्हं स्वतःच्या कानाला लावलं. मग जाळं ओढून धापा टाकणाऱ्या बापाकडे पाहिलं.

"बाबा, मासे खाली नाहीत. तुमच्या छातीत आहेत. स्वतःचीच धडधड ऐकताय तुम्ही."

मेहुणा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. लेक हसली नाही. "आणखी एकदा असं झालं, तर तुम्ही घरी बसून जाळी शिवायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी कानसेन घरात जाळंच शिवत होते. दोरीचं एक टोक बायकोच्या शिलाई मशीनच्या पायाला बांधलेलं, दुसरं ताणून दातांत धरलेलं. बायकोने पायडल मारलं आणि कानसेनांच्या कवटीत खडखडाट झाला. टाके मोजावेत इतका साफ.

दोरी सोडली, आवाज गेला. धरली, आला.

"मशीनला तेल घाल," ते म्हणाले.

बायको थांबली. "अहो, हे ऐकू आलं तुम्हाला?"

"दाढेला आलं."

"बरं झालं. निदान एक अवयव तरी माझं ऐकतो."

संध्याकाळी इंजिन बंद झालं. कानसेनांनी वल्हं पाण्यात सोडलं आणि टोक तोंडात घातलं.

"ताईने उपाशी पाठवलं की काय?" मेहुण्याने विचारलं.

डाव्या बाजूला दोन दाढा शाबूत होत्या. त्यांत दांडा पक्का धरून कानसेनांनी मनगटावर बोटं ठेवली. ही आपली धडधड. ती वजा करायची. उरलं काय? सुरुवातीला काहीच नाही. मग खोल तळातून नाडीशी मेळ न खाणारा एक ठोका. मग दुसरा. मग अख्खा ताफा.

'इथे' हा शब्द ओठांवर आला होता. पण त्यांनी वल्हं तोंडातून काढलं.

"माझे कान गेलेत, बाळ. दोन वर्षं झाली. आता दाढांनी ऐकतोय. तू कान लाव, पटलं तरच जाळं टाक."

टोक बापाच्या दातांत, दांड्याच्या मधोमध लेकीचा कान. बराच वेळ दोघं तशीच बसून राहिली. मेहुण्यानेही चेष्टा आवरली.

"लांबून येतंय," लेक शेवटी म्हणाली. "पण आहे."

जाळं वर येताना होडी कलली. ढोल्ये होडीत पडले तरी ढोल वाजवतच होते. पडदा पडल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"भाऊजी, त्या दाढा पडल्या तर आपण सगळे घरी," मेहुणा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कानसेन किनाऱ्यावर आले तेव्हा लेक वल्हं मांडीवर घेऊन बसली होती. टोकाचा जुना रंग खरवडून काढला होता आणि लाकूड पॉलिश पेपरने घासणं चाललं होतं.

"बाबा, आ करा," ती म्हणाली. "मापात बसतंय का बघू."