पंचफुलाबाईंच्या भिंतीवरच्या तीन काचा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. ही नोंद कोणालाही तपासून पाहता येते. त्याच पहाटे निलंग्यातल्या पंचफुला सूर्यवंशी यांच्या घराच्या मागच्या भिंतीला वरून खाली तिरपा तडा गेला, हे मात्र केवळ त्यांच्या सांगण्यावरून कळते.

घर दगड-मातीचे होते आणि ते त्यांचे पती भीमा यांनी स्वतः बांधले होते. भीमा गवंडी होते. आपल्या हाताने रचलेल्या भिंतीवरचा त्यांचा विश्वास त्या पहाटे उडाला, आणि पंचफुलाबाई व तान्ह्या लुंबिनीला घेऊन ते अंगणात पत्र्याची शेड ठोकून राहू लागले. पुढे पुनर्वसनाच्या गावांमध्ये काम करताना एका इंजिनिअरकडून त्यांनी एक साधी युक्ती उचलली. तड्यावर काचेची पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोके सिमेंटने पक्की करायची. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते. जानेवारी १९९५ मध्ये भीमांनी फुटक्या तावदानातून तीन पट्ट्या कापल्या आणि वर, मध्ये, खाली अशा बसवल्या.

"पाच वर्षं शाबूत राहिल्या तर आत झोपायचं," ते म्हणाले होते.

काचा शाबूत राहिल्या. जानेवारी २००० मध्ये कुटुंब शेडमधून घरात आले. तेव्हापासून दर ३० सप्टेंबरला नवरा-बायको बॅटरीच्या उजेडात तिन्ही पट्ट्या पाहायचे. २००९ मध्ये भीमा गेले. बाईंनी पाहणी सोडली नाही. २०१६ मध्ये लुंबिनीने नर्सच्या पहिल्या पगारातून आईला लोखंडी कपाट घेतले आणि ते त्याच भिंतीला लागले. तडा तिरपा असल्याने वरच्या दोन काचा कपाटाच्या बाजूला दिसत राहिल्या. खालची झाकली गेली. कपाट एकटीने हलवण्यासारखे नव्हते, म्हणून पुढची आठ वर्षे दोनच काचांची पाहणी झाली.

पंचफुलाबाई अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झाल्या. गावात त्यांची ख्याती एका हट्टासाठी होती: ज्या बाळाचे वजन केले नाही, त्याचा रकाना कोरा. वरून कितीही बोलणी बसली तरी अंदाजाचा आकडा त्यांनी भरला नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात त्या पायरीवरून दोनदा घसरल्या. लुंबिनीने नांदेडला तळमजल्यावर घर पाहिले आणि आईला तिथे आणायचे ठरवले. निलंग्याच्या घराला गिऱ्हाईकही चालून आले. देगलूरहून बदली झालेले हायस्कूलचे शिक्षक रेणुकादास यांना शाळा उघडण्याआधी बिऱ्हाड लावायचे होते. ३ जूनला ते घर पाहून गेले, तेव्हा मागच्या खोलीत सामानाचा ढीग होता आणि भिंत कोणाला धड दिसली नाही.

"तेरा तारखेला चावी मिळाली तर सौदा पक्का," ते म्हणाले. "आई आजारी आहे, बाई. मला लॉजवर दिवस काढता येणार नाहीत. दुसरं घरही बघून ठेवलंय."

दहा दिवस उरले. लुंबिनीला दोनच दिवसांची रजा होती. तिने पुस्तके, भांडी आणि भिंतीवरची बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर बांधून टेम्पोने नांदेडला नेली. रंगाचे काम ग्यानोबाला दिले.

"दहा दिसात लगीन उरकतंय, मावशी, घर उरकत न्हाई," ग्यानोबाने पहिल्याच सकाळी सांगितले.

"तुझं लगीन उरकलं व्हतं ना? मग घर बी उरकंल. भिंती कोऱ्या कर. खिळा-बिळा कायबी ठेवू नकू," पंचफुलाबाई म्हणाल्या आणि थकबाकी नसल्याच्या दाखल्यासाठी नगरपरिषदेत गेल्या.

चूक इथेच झाली, आणि ती त्यांची होती. हे त्यांनी नंतर कोणापासूनही लपवले नाही. चोवीस वर्षे ज्या काचांकडे पाहून त्या निर्धास्त झोपल्या, त्या परक्या माणसाला भिंतीला चिकटलेला कचराच वाटणार, हे घाईत त्यांच्या ध्यानात आले नाही.

दुपारी परतल्या तेव्हा कपाट खोलीच्या मधोमध उभे होते. भिंत खरवडून झाली होती आणि ग्यानोबा पुट्टी कालवत होता.

"काचा कुठंयत?"

"कोणत्या? त्या चिटकवलेल्या? काढल्या की. लई घट्ट व्हत्या, खरवडायच्या पत्रीनं फोडूनच काढाव्या लागल्या. त्या बादलीतल्या पाण्यात टाकल्यात. पायाला लागू नये म्हणून."

बाईंनी बादलीत पाहिले. गढूळ पाण्यात अकरा तुकडे होते.

"कपाटामागची बी फोडली?"

"तिन्ही."

"ती आधीच तडकलेली व्हती का, ग्यानोबा? नीट आठव."

ग्यानोबाने हात थांबवला. त्यांच्या आवाजावरून काहीतरी बिघडल्याचे त्याला कळले. "ध्यान न्हाई दिलं, मावशी. खोटं कशाला बोलू."

वरच्या दोन काचा बाईंनी त्याच सकाळी अखंड पाहिल्या होत्या. तिसरीबद्दल आता कोणालाच काही सांगता येणार नव्हते. तुकडे जुन्या तड्याचे की नव्या फटक्याचे, हे कडांवर साचलेल्या धुळीवरून कदाचित कळले असते. पण ते पाण्यात पडून धुऊन निघाले होते.

संध्याकाळी लुंबिनीचा फोन आला. तिने सगळे ऐकून घेतले.

"आई, मारू दे पुट्टी. त्यांनी विचारलं तर सांग, न्हाई तर गप राहा."

"विचारायला त्यांना ठावं तर पाहिजे, माय."

"आणि सौदा मोडला म्हंजे? परत त्या पायऱ्यांवर एकटी राहणार तू? मला हितं झोप लागत न्हाई."

मुलीचे खरे होते. घर विकले गेले नाही तर पुन्हा एकटेपण आणि त्या पायऱ्या. आणि न सांगता विकले तर त्या भिंतीशी एका आजारी बाईची खाट लागणार होती.

"न मोजलेलं मी आजवर भरलं न्हाई," एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला.

सकाळी त्यांनी ग्यानोबाला मागची भिंत तशीच सोडायला लावली. "म्हातारीला अर्ध्या तोंडाला पावडर लावल्यावानी दिसंल," तो कुरकुरला, पण त्याने ऐकले. मग त्यांनी स्वतः फोन करून रेणुकादासांना बोलावले.

ते पत्नी मालविकाबाईंना घेऊन आले. पंचफुलाबाईंनी तडा दाखवला, काचांची हकीकत सांगितली आणि अकरा तुकडे वर्तमानपत्रावर मांडले. रेणुकादासांचा चेहरा उतरला.

"म्हणजे तिसरी आधीच फुटलेली होती, असं समजायचं?"

"तसं बी समजू नका, सर. धड व्हती असं बी समजू नका. मी आठ वर्षं पाहिली न्हाई."

"हे तुम्ही तीन तारखेलाच का नाही सांगितलं?"

"तवा काचा व्हत्या. सामान हललं की दाखवून सांगणार व्हते."

मालविकाबाई भिंतीवर तळहात ठेवून उभ्या होत्या. "तुम्ही कुठं झोपता?" त्यांनी विचारले.

"हितंच. ह्या भिंतीकडं डोकं करून. चोवीस वर्षं."

दुसऱ्या दिवशी रेणुकादास ओळखीचे निवृत्त इंजिनिअर अमृतराव यांना घेऊन आले. अमृतरावांनी हातोडीने भिंत ठोकून पाहिली, तड्यात सुई घातली आणि चष्मा पुसला.

"तडा जुना आहे, एवढं नक्की. चालू आहे की थांबलाय, ते नव्या काचा लावून वर्षभर बघितल्याशिवाय मी काय, कोणीच सांगणार नाही."

वर्ष कोणाकडेच नव्हते. रेणुकादास अंगणात जाऊन पत्नीशी बोलत राहिले. त्यांचे बोलणे घरात ऐकू येत नव्हते. परत आले तेव्हा त्यांनी इसारपावतीचा, म्हणजे सौद्याच्या पहिल्या कागदाचा, मसुदा मांडीवर घेतला आणि त्यात हाताने एक ओळ वाढवली: मागील भिंतीतील तडा विक्री करणार यांनी स्वतःहून दाखविला असून त्यावरील सर्वांत खालच्या काचेची स्थिती ज्ञात नाही.

"वाचा," ते म्हणाले.

पंचफुलाबाईंनी दोनदा वाचले आणि पेन मागून घेतले. 'स्थिती'च्या आधी त्यांनी 'सन २०१६ पासूनची' असे लिहिले.

"तुम्ही अंगणवाडीत होता की तहसीलमध्ये?" रेणुकादासांनी विचारले. त्या भेटीत ते पहिल्यांदा हसले.

ग्यानोबाने वेगळी मजुरी न घेता तीन नव्या पट्ट्या बसवल्या आणि प्रत्येकीखाली तारीख कोरली. १३ जूनला चावी दिली गेली. रेणुकादासांनी आईची खाट पुढच्या खोलीत टाकली, असे ग्यानोबा सांगतो. पंचफुलाबाई आता नांदेडला तळमजल्यावर राहतात.

कागदांत आणि माणसांच्या आठवणींत मिळाले ते एवढेच. तिसरी काच ग्यानोबाच्या पत्रीखाली फुटली की त्याआधीच कधीतरी कपाटामागे तडकली होती, हे माहीत नाही. रेणुकादास आणि मालविकाबाई अंगणात काय बोलले, हे दोघांनीही सांगितलेले नाही. आणि भिंत थांबली आहे की नाही, याचे उत्तर अद्याप कोणाजवळ नाही.