जोडाच्या खालचं हिरवं

पॉलिहाऊसचं दार उघडलं आणि गरम वाफ सपकन तोंडावर आली. पंख्यांचा आवाज नाही. रविवारी लाइट ट्रिप झाली होती आणि सोमवारी सकाळपर्यंत कुणाला पत्ता नव्हता.

पॉलिहाऊस म्हणजे प्लास्टिकचं घर. ऊन, ओल, वारा सगळं आपल्या हातात. पण पंखे बंद पडले की त्याचीच भट्टी होते. सिल्वासाच्या आमच्या नर्सरीत तेव्हा शेकडो कलमं होती. मी धावले ती कोपऱ्यातल्या तीस पिशव्यांकडे.

ती कलमं सुरंगी गावच्या सोमीमावशीच्या आंब्याची. तिचं झाड आठवड्यापूर्वी वादळात मुळासकट आडवं झालं होतं. ती लग्न होऊन आली त्या वर्षी नवऱ्यानं कोय लावलेली. नवरा गेला, आता झाडही गेलं. कोय पुन्हा लावली तर झाड येतं, पण फळ तेच येईल याचा भरवसा नाही. तेच हवं तर त्याच झाडाची काडी दुसऱ्या रोपाच्या खुंटावर बांधावी लागते; बांधतात ती जागा म्हणजे जोड. मावशीनं ओल्या लुगड्यात गुंडाळून काड्या आणल्या, त्यातल्या तीस कामाच्या निघाल्या. परत मागायला झाडच नव्हतं.

ओल टिकावी म्हणून काडीवर, जोडाच्या खालपर्यंत, प्लास्टिकची टोपी चढवतात. टोप्या आतून वाफेनं धुरकट. उघडाव्यात तर कोरड्या हवेनं काडी जाणार, न उघडाव्यात तर उकडून जाणार. मी हात लावला नाही. पंखे सुरू करून घेतले, वर सावलीची शेडनेट ओढली, जमिनीवर पाणी मारलं. मग नुसती वाट बघायची. रोज सकाळी कडी काढली की आधी त्या कोपऱ्यात जायचे. शहाद्याहून आले तेव्हापासून, बावीस वर्षं कलमं बांधतेय, पण अशी कधी घाबरले नव्हते.

अठराव्या दिवशी टोप्यांतून हिरवं दिसलं. मालक जयंतीभाई मागेच उभे.

"सुनंदाबेन, फूट आली ने! फोन करो मावशीला."

मी केला. "मावशी, जगलं हो तुमचं झाड!" तिकडून नुसता रडण्याचा आवाज आला.

फोन ठेवून पहिली टोपी काढली. काडी काळी. हिरवं फुटलं होतं ते जोडाच्या खाली, खुंटाला. म्हणजे परक्या झाडाला. आधी जोड बघायचा, मग बोलायचं, हे मी नव्या बायकांना घसा कोरडा करून शिकवते! दुसरी काळी. पाचवीही काळी. पुढच्या टोप्या काढायचा धीर होईना.

"काय बोलू नका," जयंतीभाई म्हणाले. "हीच देऊन टाका. फळाला चार वरस. तवर कोण बघतंय?"

खोटं कशाला सांगू, मला क्षणभर पटलं. इतकी मी भ्यायले होते.

दुपारी मावशी जीपने आली. हिरवं बघून तिनं हात जोडले. मी खाली बसले आणि तो फुटवा खुडला.

"बाय, काय करतीस! माझा झाड मोडतीस?" तिनं माझं मनगट धरलं.

"मावशी, हे तुमचं नाही, खुंटाचं आहे. मी न बघता बोलले. माझं चुकलं."

तिनं मनगट सोडलं. ओल्या जमिनीवरच बसली. तिच्यासमोर मी एकेक टोपी काढत गेले. एकूण अठ्ठावीस काळ्या. दोन काड्या मात्र टणक, आणि त्यांच्या शेंड्याला इवलीशी तांबूस पानं. जोडाच्या वर!

मावशीनं त्यातलं एक पान सरळ तोडलं. अगं बाई! तिनं ते बोटांत चोळलं, नाकाशी धरलं आणि डोळे मिटले.

"माझाच हाय."

एक कलम आज सुरंगीत लागलंय, दुसरं मी नर्सरीत राखलंय. आता आमच्याकडे जोडाच्या वर पान दिसेपर्यंत कुणी फोनला हात लावत नाही. जयंतीभाईसुद्धा.

मावशी नर्सरीत आली की मी सांगते, "तुमचं झाड छान आहे." ती ऐकते, आणि तरी आधी पान चोळून वास घेते. बरोबरच आहे तिचं.